डावणीची भावकी दावणीपर्यंत

द्राक्षाच्या पानावर भुरी आली की गंधक आणि डावणी आली की बोर्डो, हे धाराशिव-सोलापूरकडच्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. डावणीवर गंधक मारून बाग वाचत नाही, हे तो अनुभवाने जाणतो. कारण भुरी ही खरी बुरशी आहे आणि डावणी बुरशी नाहीच. ती पाण्यातून चालणाऱ्या वेगळ्याच जीवांच्या कुळातली. शास्त्रात या कुळाला ‘ऊमायसीट’ म्हणतात. आल्याचा गड्डा कुजवणारं पिथियम याच कुळातलं, आणि त्याच पिथियमचा एक भाऊ जनावराच्या कातडीत आणि माणसाच्या डोळ्यात शिरतो. त्याचं नाव पिथियम इन्सिडिओसम.

धाराशिवच्या भूम तालुक्यातलं ईट हे गाव घ्या. हा पट्टा दुधाचा आणि खव्याचा, तेव्हा दावणीला जनावर असणारच. इथे हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आमच्या दुष्काळी भागात पाण्यातला रोग कुठून येणार? पण या जीवाला नदी लागत नाही. साचलेलं पाणी, कुजका पालापाचोळा आणि ऊब एवढ्यावर त्याचं भागतं. शेततळं, तलावाची कड, पावसाळ्यात चार महिने भरलेला खड्डा, सगळं चालतं. पाणी गढूळच असेल असंही नाही. याचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना दोन शेपट्या असतात, ते पोहत जातात आणि केसाला, पानाला किंवा जखमेच्या कडेला चिकटतात. तिथे गोल होऊन बसतात आणि आत धागा सोडतात.

आपल्या देशात या दुखण्याची ओळख जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या लष्करी घोड्यांच्या पायांवर आणि पोटावर पावसाळ्यात न भरणारे व्रण उठायचे. ब्रिटिश पशुवैद्यांनी त्याला आपल्याकडचाच शब्द वापरला, ‘बरसाती’. इथेच एक गैरसमज रुजला. बरसाती म्हणजे एकच रोग, असं आजही धरलं जातं. प्रत्यक्षात माश्यांमार्फत येणाऱ्या जंतांच्या अळ्यांमुळेही तसेच व्रण होतात आणि पिथियममुळेही होतात. पिथियमच्या व्रणात मात्र बऱ्याचदा पिवळसर-करडे, पोवळ्याच्या तुकड्यासारखे खडे सापडतात. घोड्याच्या जखमेतून असे खडे निघाले तर ते फेकून न देता पशुवैद्यांना दाखवावेत. जंताचं औषध पिथियमवर चालत नाही. या जीवाला पिथियम इन्सिडिओसम हे नाव मिळालं ते थेट 1987 मध्ये, म्हणजे आपल्याकडचा शब्द शंभर वर्षांनी जुना.

‘जनावराला झालं, आता घरात सगळ्यांना होणार’ ही भीती मात्र सोडून द्यावी. आजारी जनावराकडून माणसाला थेट लागण झाल्याची नोंद नाही. दोघांनाही ते मिळतं पाण्यातून आणि ओल्या मातीतून. गाय-घोडा वेगळा बांधून रोग थांबत नाही. जखम असलेलं जनावर साचलेल्या पाण्यात उभं न करणं, हा खरा उपाय.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज डोळ्याचा आहे. ऊस तोडताना पाचटाचं पातं लागतं, मळणीत कुसळ जातं, डोळा लाल होतो. मग कुणी दूध घालतं, कुणी मध, कुणी दुकानातून थेंब आणतं. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आतला जंतू मोकाट सुटतो. बुबुळावर पांढरा डाग दिसेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. डाग बघून बुरशी वाटते, सूक्ष्मदर्शकाखालीही तसेच धागे दिसतात, आणि बुरशीचं औषध सुरू होतं. पण नॅटामायसिनसारखं औषध बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरून मारतं. पिथियमच्या पटलात ते जवळपास नसतंच. डावणीवर गंधक मारल्यासारखं होतं.

मग ओळखायचं कसं? प्रयोगशाळेत एक साधी, सुंदर चाचणी आहे. बुबुळावरून खरवडलेलं वाढवतात, त्यात पानाचे तुकडे घालतात आणि पाण्यात ठेवतात. काही तासांत सूक्ष्मदर्शकाखाली ते दोन शेपट्यांचे बीजाणू बाहेर पडून पोहताना दिसले, की ही बुरशी नव्हे हे नक्की होतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं आहे. लिनेझोलिड आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधं या डोळ्यांवर उपयोगी पडतात, हे त्यांच्या अनुभवातून पुढे आलं. तरीही उशिरा आलेल्या अनेक रुग्णांचं बुबुळ बदलावं लागतं, काहींचा डोळा जातो. मला वाटतं, यातलं बरंच नुकसान पहिल्या आठवड्यात टाळता येतं.

थायलंडमध्ये हा जीव थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या पायाच्या रक्तवाहिन्यांतही शिरतो आणि पाय कापण्याची वेळ येते. म्हणून घरात थॅलेसेमियाचं माणूस असेल तर त्याने उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यात उतरू नये. आणि एक कळकळीचं सांगणं: डावणीचं औषध घरात आहे म्हणून ते जनावराच्या जखमेला लावू नका, डोळ्याजवळ तर नेऊच नका. ते पानासाठीच आहे.

डोळ्याला पातं किंवा कुसळ लागलं, दुसऱ्या दिवशीही ठणका आणि लाली राहिली, तर थेंबांची बाटली बाजूला ठेवा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जा. जाताना शेततळ्यात उतरला होतात का, ओल्या पिकात काम केलंत का, आधी कोणते थेंब घातले, हे न विचारताही सांगा. आणि बुरशीच्या औषधाने फरक पडत नसेल तर ‘पिथियम असेल का?’ असं डॉक्टरांना बिनधास्त विचारा.