जुन्या संगणकावर ब्राउझर अडखळतो तेव्हा : स्मृतीच्या अडचणींचे निदान आणि उपाय

हवामान सल्ला, बाजारभाव, मृदा आरोग्य पत्रिका, पीक विमा, विविध योजनांचे अर्ज अशी विस्तार कार्यातील बहुतेक कामे आता वेब ब्राउझरमधूनच पार पाडावी लागतात. संगणक मात्र अनेक केंद्रांत व शेतकऱ्यांच्या घरी आठ-दहा वर्षांपूर्वीचेच आहेत. त्यामुळे पान उघडताना पडदा गोठणे, माऊसचा बाण अडकणे, मध्येच ‘ऑ, स्नॅप!’ असा संदेश येणे किंवा अर्धा भरलेला अर्ज डोळ्यांदेखत नाहीसा होणे हे अनुभव नित्याचे झाले आहेत. अर्जाच्या अंतिम दिवशी असे घडल्यास नुकसान केवळ वेळेचे राहत नाही. एखादा शेतकरी लाभापासून वंचित राहू शकतो.

अशा वेळी दोष इंटरनेटला दिला जातो किंवा नवा संगणक घेण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा अडचण संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे रॅमची, असते आणि तिचा मोठा भाग विनाखर्च दूर करता येतो. त्यासाठी पिकावरील रोगाप्रमाणेच येथेही आधी निदान व मग उपचार हा क्रम पाळणे आवश्यक आहे.

खळे आणि कोठार

रॅम आणि डिस्क यांतील फरक प्रथम समजून घ्यावा. डिस्क हे कोठार होय. तेथे माल दीर्घकाळ साठवला जातो. रॅम हे खळे होय. ज्या मालावर आत्ता काम चालू आहे तेवढाच तेथे पसरलेला असतो. कोठार कितीही मोठे असले तरी खळे लहान असेल, तर एका वेळी थोडेच काम करता येते. म्हणूनच ५०० जीबी डिस्क असलेला संगणकही ४ जीबी रॅममुळे मंदावतो.

खळे भरले की विंडोज प्रणाली त्यातील काही माल तात्पुरता कोठारात हलवते व लागेल तेव्हा परत आणते. यालाच आभासी स्मृती म्हणतात. परंतु फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कला माहिती शोधण्यास सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर रॅमला सुमारे १०० नॅनोसेकंद. म्हणजे जवळजवळ एक लाख पटींचा फरक. ही ने-आण सतत सुरू झाली की डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतो आणि संगणक गोठल्यासारखा भासतो.

ब्राउझरला इतकी स्मृती का लागते?

पूर्वीच्या ब्राउझरमध्ये सर्व पाने एकाच प्रक्रियेत चालत. एक पान बिघडले की सारा ब्राउझर बंद पडे. क्रोमने २००८ मध्ये वेगवेगळ्या पानांसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवण्याची पद्धत आणली. पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली. २०१८ मध्ये प्रोसेसरमधील स्पेक्टर नावाची सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्यानंतर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ परस्परांपासून विलग ठेवण्यास प्रारंभ केला. त्यासाठी स्मृतीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढेल, असे गुगलने त्या वेळी सांगितले होते. फायरफॉक्सने अशी विलगता २०२१ मध्ये आणली. स्मृतीचा जादा वापर हा अशा रीतीने काही अंशी सुरक्षिततेचा मोबदला आहे. बँक खाते व आधार यांच्याशी निगडित कामे ज्या संगणकावर होतात, तेथे तो मोजणे योग्यच ठरते.

याशिवाय आजचे पान पूर्वीसारखे केवळ मजकुराचे राहिलेले नाही. इस्रोच्या भुवनसारख्या संकेतस्थळावरील उपग्रह नकाशे, चित्रफिती, आपोआप बदलणारे तक्ते आणि जाहिराती यांना अधिक स्मृती लागते. साध्या मजकुराच्या पानाला काही दहा एमबी पुरतात, तर नकाशाच्या पानाला कित्येक शे एमबी लागू शकतात. काही पानांत ‘स्मृतिगळती’ही आढळते. काम संपले तरी पान घेतलेली जागा परत करत नाही आणि दिवसभर उघडे राहिल्यास त्याचा वापर वाढतच जातो.

निदान कसे करावे?

१. संगणक नव्याने सुरू करावा. पाच मिनिटांनी, ब्राउझर उघडण्यापूर्वी, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. विंडोज १० मध्ये ‘परफॉर्मन्स’ विभागातील ‘मेमरी’ येथे एकूण रॅम व वापरातील रॅम दिसते. हा आकडा टिपून ठेवावा. ४ जीबीच्या संगणकात ब्राउझर उघडण्यापूर्वीच निम्मी रॅम व्यापलेली असेल, तर विंडोजसोबत आपोआप सुरू होणारे अनावश्यक कार्यक्रम ‘स्टार्टअप’ विभागातून बंद करावेत. विषाणूरोधक कार्यक्रम मात्र बंद करू नये. एकाच संगणकावर असे दोन कार्यक्रम असतील, तर त्यांपैकी एक काढून टाकावा.

२. नेहमीची पाने उघडून पुन्हा आकडा पाहावा. वापर ८५-९० टक्क्यांच्या वर स्थिरावत असेल व त्याच वेळी डिस्कचा वापरही १०० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम अपुरी पडत आहे असे समजावे. रॅम मोकळी असूनही पान उशिरा उघडत असेल, तर दोष बहुधा इंटरनेट जोडणीत किंवा त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये असतो. तेथे पुढील उपायांचा उपयोग होणार नाही.

३. ब्राउझरमध्ये शिफ्ट व एस्केप या कळा दाबाव्यात. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींमध्ये ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणते पान वा कोणते एक्स्टेंशन किती स्मृती घेत आहे, हे तेथे स्वतंत्रपणे कळते.

४. स्मृतिगळतीचा संशय असलेले पान उघडे ठेवून दर अर्ध्या तासाने त्याचा आकडा नोंदवावा. पानावर काही काम केलेले नसतानाही आकडा सतत चढत राहिला, तर संशय बळावतो. अशी पाने काम होताच बंद करावीत.

५. एक्स्टेंशनचा दोष शोधताना प्रक्षेत्र चाचणीचे तत्त्व वापरावे. क्रोमच्या इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेंशन सहसा बंद असतात. फायरफॉक्समध्ये मदत विभागात ‘ट्रबलशूट मोड’ आहे. या स्थितीत तीच पाने उघडून पाहावीत. त्रास थांबला, तर नेहमीच्या स्थितीत येऊन एक्स्टेंशन एकेक करून बंद करावे व प्रत्येक वेळी आकडा तपासावा. एकदम अनेक बदल केल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

विनाखर्च उपाय

उघड्या पानांची संख्या मर्यादित ठेवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ‘नंतर लागेल’ म्हणून उघडे ठेवलेले पान बुकमार्क करून बंद करावे. मोठ्या पीडीएफ पुस्तिका ब्राउझरमध्ये उघड्या न ठेवता डाउनलोड करून घ्याव्यात. अर्ज भरताना नकाशे व चित्रफिती बंद असाव्यात. दोन ब्राउझर एकाच वेळी चालवू नयेत.

न वापरलेली पाने निद्रिस्त करण्याची सोय आता ब्राउझरमध्येच असते. क्रोममध्ये सेटिंग्जच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘मेमरी सेव्हर’ आहे. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ आहेत. विंडोजवरील फायरफॉक्स २०२१ पासून रॅम फारच कमी उरल्यास जुनी पाने आपोआप स्मृतीतून उतरवतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्मृतीतून उतरवलेल्या पानावर परत गेल्यास ते नव्याने लोड होते व न जतन केलेली माहिती जाऊ शकते. भरत असलेला अर्ज ब्राउझर सहसा उतरवत नाही, तरीही केवळ त्यावर विसंबू नये. अर्जांची संकेतस्थळे क्रोम व एजमधील अपवादांच्या यादीत समाविष्ट करावीत.

ब्राउझर बंद केल्यानंतरही तो पार्श्वभूमीत चालू राहू शकतो. क्रोम व एजच्या ‘सिस्टिम’ सेटिंग्जमध्ये बंद केल्यावरही पार्श्वभूमीतील कार्यक्रम चालू ठेवण्याचा पर्याय असतो. तो काढून टाकावा. एजमधील ‘स्टार्टअप बूस्ट’ही बंद करावा. तसेच आभासी स्मृतीला जागा मिळावी यासाठी सी ड्राइव्हवर किमान १०-१५ जीबी जागा मोकळी ठेवावी.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज असा, की कॅश पुसल्याने रॅम मोकळी होते. कॅशचा मुख्य साठा डिस्कवर असतो. तो पुसल्याने डिस्कवर जागा होते, परंतु पुढच्या वेळी पाने पुन्हा पूर्ण डाउनलोड करावी लागतात. कॅशसोबत जतन केलेले पासवर्ड वा कुकीज पुसल्या गेल्यास नवीच अडचण उभी राहते. पान मोडके दिसत असेल किंवा जुनीच माहिती दाखवत असेल, तेव्हाच कॅश पुसणे उपयुक्त ठरते.

दुसरा गैरसमज ‘रॅम बूस्टर’ वा ‘रॅम क्लीनर’ नावाच्या कार्यक्रमांविषयीचा. हे कार्यक्रम रॅममधील माहिती बळेच डिस्कवर ढकलतात. आकडा क्षणभर घटतो, पण तीच माहिती परत आणताना संगणक अधिक मंदावतो. त्यांपैकी काहींसोबत घातक सॉफ्टवेअरही येते.

तिसरा गैरसमज, रॅमचा अधिक वापर म्हणजे बिघाड. मोकळी पडलेली रॅम कोणत्याही उपयोगाची नसते; प्रणाली तिचा वापर वेग वाढवण्यासाठी करून घेते. वापर ७० टक्के असून काम सुरळीत चालत असेल, तर काहीही करण्याची गरज नाही.

जुनी प्रणाली : वेग आणि सुरक्षितता

३२ बिटची विंडोज सर्वसाधारणपणे ४ जीबीहून अधिक रॅम हाताळू शकत नाही आणि त्यांतलीही सुमारे ३ ते ३.५ जीबीच प्रत्यक्ष वापरता येते. ‘सिस्टिम’ माहितीत ३२ बिट प्रणाली व ६४ बिट प्रोसेसर असा उल्लेख दिसल्यास, रॅम वाढवण्यापूर्वी ६४ बिट प्रणाली बसवावी लागेल हे लक्षात घ्यावे.

विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ७ व ८.१ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. या प्रणालींवर फायरफॉक्सच्याही ११५ क्रमांकाच्या दीर्घ समर्थन आवृत्तीपुढे जाता येत नाही. वेग मिळावा म्हणून जुना ब्राउझर जपून ठेवणे आणि अद्ययावतीकरण बंद करणे धोक्याचे आहे. शेतकऱ्यांची बँक व आधारविषयक माहिती अशा संगणकावर भरू नये.

खर्चाचे उपाय : प्राधान्यक्रम

टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात ‘स्लॉट्स यूज्ड’ असा तपशील असतो. एक स्लॉट रिकामा असल्यास रॅम ४ वरून ८ जीबी करणे हा सहसा सर्वाधिक फायद्याचा खर्च ठरतो. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. तसेच डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्या पट्ट्याही वेगळ्या असतात. म्हणून जुनी पट्टी दाखवूनच नवी घ्यावी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास रॅम वाढत नाही, परंतु आभासी स्मृतीची ने-आण जलद होऊन गोठणे बरेच कमी होते. डिस्क बदलण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत स्वतंत्र ठिकाणी घ्यावी.

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅमबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे अनेक जुन्या संगणकांवर ती बसत नाही. अशा संगणकांवर लुबंटू, लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स यांचा विचार करता येतो. त्यांवर ब्राउझरच्या चालू आवृत्त्या मिळतात. मात्र बोटांचे ठसे घेणारे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि प्रिंटर हे त्या प्रणालीवर चालतात की नाही, याची खात्री आधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून करून घ्यावी.

केंद्रातील कार्यपद्धती

ऑनलाइन अर्ज भरण्याच्या दिवसांत पुढील शिस्त उपयोगी पडते.

• सकाळी संगणक नव्याने सुरू करावा. दुपारी ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा.
• अर्जातील माहिती आधी कागदावर वा साध्या मजकूर फाइलमध्ये तयार ठेवावी. कागदपत्रे स्कॅन करून, संकेतस्थळाने सांगितलेल्या आकारात बसवून मगच अर्ज उघडावा.
• ‘सेव्ह ड्राफ्ट’ची सोय असल्यास प्रत्येक टप्प्यावर वापरावी आणि अर्ज क्रमांक लगेच लिहून घ्यावा.
• शुल्क भरताना पान गोठल्यास घाईने दुसऱ्यांदा भरणा करू नये. आधी खात्यातून रक्कम वजा झाली काय ते पाहावे व अर्जाची स्थिती तपासावी.
• एका शेतकऱ्याचे काम संपताच साइन आउट करून पान बंद करावे. त्यामुळे स्मृती मोकळी होते आणि माहितीही सुरक्षित राहते.

सारांश

ब्राउझर मंदावल्यास प्रथम रॅम व डिस्कचा वापर मोजावा, मग दोषी पान वा एक्स्टेंशन शोधावे आणि एका वेळी एकच बदल करावा. पानांची संख्या आटोक्यात ठेवणे, अनावश्यक कार्यक्रम बंद करणे व ब्राउझर अधूनमधून नव्याने सुरू करणे एवढ्याने बहुतेक संगणक कामापुरते सावरतात. त्याने भागले नाही, तरच रॅम व एसएसडीवर खर्च करावा. समर्थन संपलेल्या प्रणालीवर मात्र केवळ वेगाचे उपाय पुरेसे नाहीत. तेथे प्रणाली बदलणे हाच योग्य मार्ग होय.