निर्धूर चूल

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका हा कापूस आणि तूर पिकविणारा मुलूख आहे. कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि त्यांच्या मोळ्या बांधून घरामागे रचून ठेवल्या जातात. तुराट्यांचेही तसेच. ह्या काटक्या आणि शेणाच्या गोवऱ्या हे येथील चुलीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सरपण होय. ते विकत आणावे लागत नाही आणि चटकन पेट घेते, हे त्याचे मोठे गुण. परंतु बोटभर जाडीची पऱ्हाटी जशी लवकर पेटते तशीच लवकर जळूनही संपते. त्यामुळे भाकऱ्या होईपर्यंत रांधणाऱ्या बाईला चुलीपासून हलता येत नाही. एका हाताने भाकरी थापावी, दुसऱ्याने काटकी पुढे सारावी, मध्येच फुंकणी घेऊन जाळ करावा, आणि ह्या सर्व वेळात चुलीचा धूर डोळ्यांत व छातीत घ्यावा, असा हा नित्यक्रम असतो.

हवेचे प्रदूषण म्हटले, की मोठमोठ्या कारखान्यांची धुरांडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ते स्वाभाविकही आहे. आपल्या देशात हवेच्या प्रदूषणासंबंधीचा कायदा १९८१ साली झाला, त्याचा मुख्य रोख कारखान्यांवरच आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले होते. कारखान्याने अधिक धूर सोडला, तर मंडळ त्यास जाब विचारू शकते. पण माजघरातल्या चुलीचे काय? तेथे कोणास नोटीस द्यावयाची? जिला त्रास होतो तीच चूल पेटविते, आणि ती पेटविली नाही तर घर उपाशी राहते. अशा ठिकाणी दंडाचा उपयोग नाही. तेथे हवी ती चांगली चूल कशी घालावी हे दाखविणारी, ती घालून देणारी आणि बिघडल्यास दुरुस्त करणारी माणसे. शासनाच्या भाषेत ह्यालाच तांत्रिक साहाय्य म्हणतात.

चुलीच्या धुरात एवढे भिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. लाकूड तापले म्हणजे त्यातून निरनिराळे वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली, तर ते जळतात आणि त्यांची ज्वाला होते. ती मिळाली नाही, तर तेच वायू आणि कोळशाचे सूक्ष्म कण अर्धवट जळून धूर होतात. म्हणजे धूर हे वाया गेलेले सरपणच होय. ह्यांतील पुष्कळसे कण इतके बारीक असतात, की माणसाच्या केसाच्या जाडीचे वीस भाग करावे तेव्हा त्यांतील एका भागाएवढा त्यांचा आकार भरावा. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, आणि ते थेट फुप्फुसांच्या तळाशी जाऊन बसतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक विषारी वायूही असतो. त्याला ना रंग, ना वास.

हा धूर किती असतो, हे मोजून पाहण्याचे फार दिवस कोणास सुचले नाही. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी ह्यांनी गुजरातेतील काही खेड्यांत रांधणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी लहान यंत्रे बसविली आणि १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंपाकाच्या वेळी त्या स्त्रिया श्वासावाटे जी हवा घेत होत्या, तिच्या दर घनमीटरमध्ये सुमारे सात मिलिग्रॅम कण आढळले. मोकळ्या हवेतील बारीक धुळीसाठी भारत शासनाने २००९ साली जी मर्यादा घालून दिली, ती चोवीस तासांच्या सरासरीने एक दशांश मिलिग्रॅम इतकी आहे. दोन्ही ठिकाणी मोजण्याची रीत एक नाही, हे खरे. तरीही अंतर केवढे आहे, ते सहज लक्षात येते. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा जुनाट दमा, हृदयाचे विकार, डोळ्यांतील मोतीबिंदू अशा अनेक रोगांशी ह्या धुराचा संबंध आढळला आहे.

ह्या प्रश्नाकडे आपल्या देशात फार लवकर ज्यांचे लक्ष गेले, ती मंडळी समुद्रपूरच्याच जिल्ह्यातली, म्हणजे वर्ध्याची होती. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज ह्यांनी त्यासाठी आपली बाग दिली. गांधीजींचे निकटचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ साली निवर्तले होते; त्यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी असे नाव पडले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. तेलाचा घाणा, हातकागद, मधमाश्या अशा लहान लहान गोष्टींचा तेथे शास्त्रीय विचार होई. स्वयंपाकघरातील चूलही त्यातून सुटली नाही. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास तेथून एक सुधारलेली चूल लोकांपुढे आली. तिचे नाव मगन चूल.

ह्या चुलीची रचना समजून घेणे कठीण नाही. आपली नेहमीची चूल तीन बाजूंनी बंद आणि वरून उघडी असते. भांड्याच्या कडेने जाळही बाहेर जातो आणि धूरही. मगन चूल मातीचीच, पण चोहोंकडून बंद. पुढे काटक्या सारण्यासाठी एक तोंड, वर भांडी बसतील अशी एकापुढे एक भोके, आणि शेवटी भिंतीला लागून उभे केलेले धुराडे. जाळ पहिल्या भांड्याला लागतो. तेथून निघालेली ऊन हवा आतल्या बोगद्याने दुसऱ्या भांड्याखाली जाते. वैलावर जशी आमटी उकळत ठेवतात, तसेच हे. मात्र येथे उष्णता मुद्दाम वळवून आणलेली असते. उरलेला धूर धुराड्यातून छपरावर जातो.

धूर आपण होऊन वर का जावा, ह्याचे कारण साधे आहे. तापलेली हवा हलकी असते. धुराड्यातील ऊन हवा वर चढू लागली, की तिची जागा घेण्यासाठी चुलीच्या तोंडातून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. म्हणजे धुराडे हे एका परीने न थकणारी फुंकणीच असते. पण ही फुंकणी मोठी हट्टी आहे. चुलीचे तोंड जास्त रुंद झाले, तर गार हवा भसाभस आत शिरून जाळ थंड पडतो. धुराडे अरुंद किंवा आखूड झाले, तर ओढ पुरत नाही. भांडे भोकावर नीट बसले नाही, तर धूर फटीतून पुन्हा घरात येतो. चूल मातीची असली, तरी तिची मापे सोनाराच्या काट्याइतकी जपावी लागतात.

वर्ध्यानंतर इतरत्रही असे प्रयत्न झाले. हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू ह्यांनी अशीच एक चूल सिद्ध केली आणि १९५३ साली तिच्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. पण अशा चुली गावोगाव पोहोचविणे एखाद्या संस्थेच्या आवाक्यातले नव्हते. त्या कामास खरा वेग आला तो १९८३ च्या अखेरीपासून. त्या वेळी केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सरपणाची बचत व्हावी, जंगले वाचावी आणि स्त्रियांचा धुराचा जाच कमी व्हावा, असे त्याचे हेतू होते. चुलीच्या खर्चाचा बराचसा भाग शासन देई. गावातील स्त्री-पुरुषांना चूल घालण्याचे शिक्षण दिले जाई, आणि प्रत्येक चुलीमागे त्यांना ठराविक मेहनताना मिळे. चुलीचे नवे नमुने तयार करणे, ते प्रयोगशाळेत तपासणे आणि कारागिरांना शिकविणे ह्यांसाठी निरनिराळ्या राज्यांतील संस्थांकडे तांत्रिक पाठबळाचे काम सोपविण्यात आले होते.

हा कार्यक्रम २००२ साली बंद झाला. तोपर्यंत कागदोपत्री सुमारे साडेतीन कोटी चुली घातल्या गेल्या होत्या. आकडा डोळे दिपविणारा आहे. परंतु त्यांतील कितीतरी चुली दोन-चार वर्षांतच मोडल्या, किंवा बायकांनीच त्या फोडून पुन्हा जुनी चूल मांडली. मेहनताना चुलीच्या संख्येवर मिळत असल्यामुळे अनेक ठिकाणी घाईने मापे चुकली. कोठे घरातल्या भांड्यांचा आकार न पाहताच भोके ठेवली गेली. धुराड्यात काजळी साचते आणि ते अधूनमधून झाडावे लागते, हे पुष्कळ घरांत कोणी सांगितलेच नाही. सांगितले तरी छपरावर चढून ते झाडावयाचे कोणी? काजळीने वाट कोंडली, की चूल पूर्वीपेक्षाही अधिक धुरकटते. मग ज्या बाईने तिला रामराम ठोकला, तिला अडाणी म्हणणे हा तिच्यावर अन्यायच होय.

पुढे ओडिशातील चव्वेचाळीस गावांत काही अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींची अनेक वर्षे पाहणी केली. तीतूनही हेच निघाले. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर खरोखर कमी झाला; नंतर दुरुस्ती होईना, वापर घटला आणि तो लाभही नाहीसा झाला. चूल देणारा हात एकदाच आला होता, आणि चुलीला तर दरमहा काळजी हवी होती.

ह्या अनुभवातून जे शिकले, त्यांत पुण्याच्या एका संस्थेचा उल्लेख करावयास हवा. डॉ. आनंद कर्वे ह्यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ ह्या संस्थेने चुलीचे साचे तयार केले. साच्यात माती भरून चूल काढली, की घालणारा नवखा असो वा जुना, आतली मापे बदलत नाहीत. शिवाय कुंभार अशा चुली करून बाजारात विकूही शकतो. कारागिराच्या हातावर सोडलेली गोष्ट साच्यावर सोपविली, एवढाच हा बदल. परंतु वर सांगितलेल्या दोषांतील मोठा दोष त्याने दूर होतो. साचा मात्र धुराडे झाडीत नाही.

१ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी देण्यास आरंभ झाला. तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच, तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली. गॅसच्या ज्वालेस धूर जवळजवळ नसतो, हा तिचा मोठाच लाभ आहे. तथापि सिलिंडर पुन्हा भरून घेण्यास रोख पैसा लागतो, आणि पऱ्हाट्या तर घरामागे फुकट पडलेल्या असतात. म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अशी वाटणी झालेली आहे. अंघोळीचे पाणी तर सर्रास चुलीवरच तापते.

तेव्हा धुराड्याच्या चुलीची निगा अजूनही ठाऊक असलेली बरी. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण निवल्यावर, लांब बांबूच्या टोकाला चिंध्या घट्ट बांधून थोरल्या माणसांनी धुराडे वरपासून खालपर्यंत झाडावे आणि तळाशी पडलेली काजळी काढून टाकावी. बोगद्यातील राख त्याच वेळी ओढून घ्यावी. भोकाभोवतीच्या भेगा शेणमातीने लिंपाव्या. वाट मोकळी आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. चूल पेटल्यावर थोड्या वेळाने एक धुमसती काडी तिच्या तोंडापाशी धरावी. काडीचा धूर आत ओढला गेला, तर धुराडे ठीक चालले आहे. तो बाहेर, आपल्याकडे वळला, तर बांबू शोधावयास हरकत नाही.