‘चोच’ की ‘चोंच’?
जुन्या पुस्तकांत पक्ष्याची ‘चोंच’ दिसते, आता ‘चोच’ लिहितात. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. या शब्दाचं नातं संस्कृत ‘चञ्चु’शी आहे; तो अनुस्वार त्यातल्या अनुनासिकाची खूण होता. मराठी बोलण्यातून तो गेला आणि १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. हिंदीत मात्र ‘चोंच’च आहे.

आता उच्चार. ‘चोच’मधले दोन्ही च ‘चारा’तल्यासारखे. ‘चोची’ म्हटलं, की दुसरा च ‘चिमणी’तल्यासारखा होतो. ‘चंचुप्रवेश’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून त्यातले दोन्ही च ‘चिमणी’तलेच. उच्चार दोन, अक्षर एकच! त्यामुळे मुलांना हा शब्द नुसता लिहून देऊन भागत नाही, म्हणूनही दाखवावा लागतो.