उंबरठा अडतो, जिना अडत नाही

साताऱ्याहून सांगलीला मुलाकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षकांना घेऊन त्यांच्या सूनबाई माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, मामंजी उंबऱ्यापाशी खिळल्यासारखे उभे राहतात, आणि जिना मात्र चढून जातात. मुद्दाम करतात का हो?"

मुद्दाम नव्हे. हा कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. यात स्नायूंची शक्ती जात नाही. हालचालीचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. पण तो केव्हा आणि किती जोराने सोडायचा, हे मेंदूच्या आत खोलवर असलेली केंद्रे ठरवतात. त्यांना डोपामिन हे द्रव्य लागते. ते पुरवणाऱ्या पेशी मरत गेल्या की हुकूम अडखळतो. पाऊल उचलत नाही, अक्षर बारीक होत जाते, चेहरा कोरा दिसतो (घरच्यांना वाटते, रुसले आहेत!). पायरी मात्र डोळ्यांना दिसते आणि मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकून घेतो. म्हणून मी उंबऱ्याआधी फरशीवर पावला-पावलाच्या अंतराने पट्ट्या चिकटवायला सांगितल्या.

औषध म्हणजे लेव्होडोपा. मेंदूत त्याचेच डोपामिन बनते. आपल्याकडच्या खाजकुइरीच्या बियांतही ते असते, १९३७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यातून वेगळे काढले होते. पण बियांत ते कमी-जास्त असते. गोळ्या चालू असताना चूर्ण परस्पर घेऊ नये. गोळ्या एकदम बंद करणे तर फारच धोक्याचे.

सूनबाईंनी जाताना विचारले, "पट्ट्या कुठल्या रंगाच्या?"

फरशीवर उठून दिसतील अशा.