लेखांक ७ : हजेरीतले दोन टक्के

परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हे आपल्याकडच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पाठ असतं. जानेवारी २०२३ मध्ये कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने, म्हणजे ‘कुसॅट’ने, मुलींना प्रत्येक सत्रात यात दोन टक्क्यांची सवलत दिली आणि ‘पाळीची रजा’ म्हणून ती बातमी देशभर गाजली. नावाला ती रजा, पण थोडा हिशेब करून पाहा. सत्रात कामाचे ९० दिवस धरले, तर दोन टक्के म्हणजे १.८ दिवस. सत्र चार-साडेचार महिन्यांचं. तेवढ्यात पाळी चार-पाच वेळा येणार आणि सवलत धड दोन दिवसांचीही नाही.

मग एवढा गाजावाजा कशाला? या आदेशातली कामाची गोष्ट टक्क्यांमध्ये नव्हतीच, ती कागदपत्रांमध्ये होती. हजेरी कमी पडली की ती माफ करून घ्यायला अर्ज आणि सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ही जुनी रीत. या सवलतीसाठी प्रमाणपत्राची अट काढली, नुसता अर्ज पुरे झाला. ज्या दुखण्यासाठी मुली गरम पाण्याची पिशवी घेऊन खोलीत पडून राहतात, दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत, त्याचा पुरावा मागणंच बंद झालं. मला विचाराल तर खरा बदल हा.

मागणी केली होती विद्यार्थी संघाने. संघ निवडून आलेला, आणि अध्यक्षपदी मुलगी. मागणीची आखणीही शहाणी होती. नवा विभाग नको, निधी नको, नवं पद नको. हजेरी माफ करण्याचा जो अधिकार विद्यापीठाकडे आधीच आहे, तो इथेही वापरा, एवढंच. फाइल अडवायला कारण शोधावं लागेल, अशी ती मागणी होती. काही दिवसांतच केरळच्या उच्च शिक्षण खात्याने ही सवलत आपल्या अखत्यारीतल्या सगळ्या विद्यापीठांना लागू केली. एका विद्यार्थी संघाचं निवेदन राज्याचं धोरण झालं.

आक्षेपही आले. अर्ज दिला की मुलीची पाळी कार्यालयात जाहीर होते, हा एक. आज मुलींना वेगळी सवलत दिली, तर उद्या नोकरी देणारा हात आखडता घेईल, हा दुसरा. नोकरदार स्त्रिया आणि विद्यार्थिनी अशा दोघींसाठी पाळीची रजा मागणारी याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ही दुसरी भीती तिथेही बोलली गेली. न्यायालयाने याचिका ऐकली नाही, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाकडे जायला सांगितलं.

पण निवेदनावर सगळं भागत नाही. केरळमध्येच २०१९ साली कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी झाली. म्हणजे नेमक्या अभ्यासाच्या वेळात. पदवीच्या मुलींना लॅपटॉपचीही परवानगी नव्हती. एका विद्यार्थिनीने नियम मानायला नकार दिला, तिला खोली सोडायला सांगितली गेली, आणि ती उच्च न्यायालयात गेली. ‘फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात न्या. पी. व्ही. आशा यांनी इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाचा भाग मानला आणि तिला वसतिगृहात परत घ्यायला सांगितलं. इतर मुलींच्या पालकांची हरकत नव्हती, हा महाविद्यालयाचा बचाव टिकला नाही. विद्यार्थिनी सज्ञान आहे, ही साधी गोष्ट तिथे निकालात लिहावी लागली!

२०२२ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुली उठल्या. रात्री साडेनऊला त्यांच्या वसतिगृहाचं फाटक बंद. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्या. देवन रामचंद्रन यांनी उलट सवाल केला की त्रास पुरुष देतात, तर कोंडून मुलींना का ठेवायचं? आरोग्य विद्यापीठाचा युक्तिवाद तर संग्रही ठेवावा असा. मेंदूची वाढ पंचविसाव्या वर्षापर्यंत पूर्ण होत नाही, म्हणून अठराव्या वर्षी एवढी मोकळीक नको. गंमत अशी की हीच मुलगी तेवीस-चोविसाव्या वर्षी इंटर्न म्हणून रात्री दोन वाजता अपघात विभागात उभी असते, आणि तेव्हा तिच्या मेंदूवर कुणाला शंका येत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने मुलामुलींना सारखाच नियम लावला. साडेनऊ दोघांनाही, दुसऱ्या वर्षापासून पुढच्यांना नोंदवहीत लिहून उशिरा आत येता येतं. याला समता म्हणायचं का? भेद मिटला हे खरं. पण सज्ञान माणसाच्या येण्याजाण्याची वेळ संस्थेने ठरवावी का, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. आता तो मुलांचाही झाला, एवढाच फरक.

यातला बराचसा झगडा ज्या तरतुदीवर उभा राहतो, ती आधीपासून कागदावर होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्येच बजावलं होतं की सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं नकोत. लैंगिक छळाविषयीच्या आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत ते नियम म्हणून आलं: सुरक्षिततेचं कारण दाखवून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. हे विनियम देशभर लागू आहेत, महाराष्ट्रातही.

त्याच विनियमांत आणखी एक तरतूद आहे. विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल, तर अंतर्गत तक्रार समितीत पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या तिन्ही स्तरांवरचे मिळून तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. आपली खरी अडचण इथे आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी संघांच्या खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा आणल्या, पण बहुतेक ठिकाणी मतपेटी काही आलीच नाही. विद्यार्थी संघच मतदानाने येत नसेल, तर हे तीन प्रतिनिधी कोण निवडतं? तुमच्या महाविद्यालयाच्या सूचना फलकावर समितीची नावं लावलेली असायला हवीत. त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का आणि ती कशी आली, हे कार्यालयात विचारता येतं.

निवडणुका का थांबल्या आणि परत येताना कुठे अडल्या, ते पुढच्या लेखांकात.