अन्ननलिका काळी पडते तेव्हा

साठी ओलांडलेले एक गृहस्थ, मधुमेहाचे जुने रुग्ण. दोन दिवस उलट्या होत होत्या. "पोटात अन्नच नाही, तर इन्शुलिन कशाला?" असे म्हणून त्यांनी ते मनानेच बंद केले. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली, तेव्हा मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. जीभ कोरडी, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला. सलाइन लावून मी त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे दुर्बिणीतून पाहिले, तर अन्ननलिकेचा खालचा भाग काळाठिक्कर! जठराच्या तोंडाशी मात्र तो काळेपणा एकदम थांबलेला.

'काळी अन्ननलिका' हा दुर्मिळ विकार दुर्बिणीतून प्रथम १९९० मध्ये नोंदला गेला. अन्ननलिकेच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा मुळातच बेताचा. साखर बेसुमार वाढून अंगातले पाणी आटले, रक्तदाब घसरला, की तोही तुटतो. त्यात जठरातले आम्ल वर येते आणि आतले अस्तर मरते. अतिमद्यपान व गंभीर जंतुसंसर्गातही असे घडते.

तोंडाने काही न देता सलाइन, आम्ल रोखणारी औषधे आणि मूळ आजारावर इलाज, हेच उपचार. वेळ साधली तर अस्तर पुन्हा भरून येते. नाहीतर नलिकेला छिद्र पडू शकते, जीवही जातो. माझे रुग्ण सुदैवाने वाचले.

वाचकहो, आजारपणात जेवण सुटले तरी इन्शुलिन मनाने बंद करू नका; साखर तपासा, डॉक्टरांना विचारा. काळपट उलटी किंवा डांबरासारखी शौचास झाली, तर सकाळची वाट पाहू नका.