माकडतापाचा माग

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ भोवतालच्या खेड्यांतली माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ तिथे पोहोचले. पहिली शंका आली पीतज्वराची, कारण दक्षिण अमेरिकेत त्या रोगाने माकडे अशीच मरतात. पण विषाणू सापडला गोचिडींत, आणि त्याचे नाते निघाले थेट रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराशी.

हेमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही यातली मुख्य गोचीड. पावसाळ्यात मोठी गोचीड गुरांचे, गव्याचे रक्त पिते आणि जमिनीवर अंडी घालते. पावसानंतर बाहेर पडणारी पिल्ले उंदीर, चिचुंद्री, माकड यांना चिकटतात. यजमान बाधित असेल तर विषाणू पिल्लात शिरतो आणि कात टाकल्यावरही टिकून राहतो. डिसेंबर ते मे या काळात तिळाएवढी झालेली ही गोचीड पाचोळ्यावर दबा धरून बसते. माणसाला चावते ती हीच. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा काही आठवडे धोक्याची होते.

जवळपास अडीच दशके हा रोग शिमोगा आणि लगतच्या भागाचाच मानला गेला. मग 1982-83 मध्ये दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडले गेले आणि दीड हजारांवर लोक आजारी पडले. सुमारे दीडशे दगावले. तिथेच खरे तर सावध व्हायला हवे होते. पुढे 2012 मध्ये बंदीपूर, मग वायनाड, 2015 मध्ये गोव्यात सत्तरीतले पाली, 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि नंतर बांदा. तपासणी वाढली म्हणून नकाशा वाढला, हेही थोडे खरे आहे. पण तुकडे पडलेले रान, त्यात चरणारी गुरे आणि रानाला भिडलेल्या बागा ही साखळी जवळजवळ सगळीकडे सारखीच दिसते.

आपल्याकडे काजूचा हंगाम आणि या गोचिडीचा हंगाम एकच. फेब्रुवारीपासून बाया वाकून, उकिडव्या बसून पाचोळ्यातून बिया वेचतात, नेमक्या तिच्या उंचीवर. या तापावर खास औषध नाही. जुनी लस कमी पडत गेली आणि अखेर तिचा वापरच थांबला. उरते ती पाळत, आणि तीही आपण रुग्ण दवाखान्यात आल्यावर सुरू करतो. गोचिडी गोळा करून तपासण्याचे काम दिवाळी उलटताच, दरवर्षी, साथ नसतानाही व्हायला हवे.

रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नका, पुरूही नका. त्याच दिवशी वनखात्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. बागेत जाताना अंग झाका, गोचीडरोधक तेल लावा, आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करा.